पिचरचे पाय कसे पाहायचे: सॉफ्टबॉल अंपायरसाठी सविस्तर मार्गदर्शन

बेसवर सेफ की आउट, यावरून होणारा वाद दोन मिनिटांत मिटतो. कारण तो प्रसंग सगळ्यांनी पाहिलेला असतो. पिचरच्या, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणाऱ्या खेळाडूच्या, पायाचं तसं नाही. चेंडू सुटताना सगळ्या मैदानाची नजर चेंडूवर असते, पाय कुणीच पाहिलेला नसतो, आणि तरी बाहेरचा प्रत्येक जण छातीठोक सांगतो की "पाय सुटला होता" किंवा "अजिबात सुटला नव्हता". अशा वेळी पाय खरोखर पाहिलेला एकच माणूस मैदानात असायला हवा, आणि तो अंपायर.

पायाचे निम्मे वाद पहिला चेंडू पडायच्या आधीच मिटवता येतात, हे मी बऱ्याच सामन्यांनंतर शिकलो. म्हणून सुरुवात नियमापासून न करता मैदानापासून करतो.

आधी फीत आणि दोरी

सामन्याच्या किमान पाऊण तास आधी मैदानावर जा. बरोबर ३० मीटरची फीत, सुतळीचा गुंडा, एक लांब खिळा आणि हातोडी असू द्या. आयोजकांकडे असेल म्हणून निघालात, तर फीत शाळेच्या कपाटात आणि कपाटाची चावी शिपाईकाकांकडे, असा खेळ होतो.

पिचर प्लेट म्हणजे ६१ सेंटिमीटर लांब आणि १५.२ सेंटिमीटर रुंद अशी रबराची पट्टी. महिलांच्या फास्टपिच, म्हणजे वेगाने चेंडू टाकण्याच्या, सामन्यात होम प्लेटपासून (जिच्यापाशी फलंदाज उभी राहते) तिचं अंतर १३.११ मीटर, म्हणजे ४३ फूट. पुरुषांसाठी १४.०२ मीटर, म्हणजे ४६ फूट. लहान वयोगटांसाठी ते कमी असतं, ते स्पर्धेच्या पत्रकात पाहून घ्यायचं. मोजायचं कुठून कुठपर्यंत, इथे हमखास घोळ होतो. होम प्लेटचं मागचं टोक, म्हणजे जिथे दोन्ही फाउल लाइन मिळतात तो बिंदू, तिथून पिचर प्लेटच्या पुढच्या कडेपर्यंत मोजायचं. होम प्लेट पुढून मागे ४३ सेंटिमीटर खोल असते. कुणी फीत तिच्या पुढच्या कडेला धरली, की पिचर तेवढी लांब जाते. उलट कुणी पिचर प्लेटच्या मागच्या कडेपर्यंत मोजलं, तर पिचर १५ सेंटिमीटर जवळ येते. मी दोन्ही प्रकार पाहिलेत, एकदा तर एकाच मैदानावर सकाळी आणि दुपारी.

अंतरानंतर सरळपणा. होम प्लेटच्या टोकापासून दुसऱ्या बेसच्या मध्यापर्यंत सुतळी ताणा. बेसमधलं अंतर १८.२९ मीटर असेल, तर हा कर्ण २५.८६ मीटर भरतो. तो भरला नाही तर मैदानच तिरकं आखलंय. पिचर प्लेटचा मध्य बरोबर या सुतळीखाली यायला हवा आणि प्लेट सुतळीला काटकोनात हवी. प्लेट जराशी तिरकी बसलेली असली, तर सरळ टाकणाऱ्या मुलीचं पाऊलही बाजूला पडल्यासारखं दिसतं आणि तुम्ही तिला विनाकारण दोष देता. मग प्लेटच्या पुढच्या कडेच्या मध्यावर खिळा धरून २.४४ मीटरच्या दोरीने पिचरचं वर्तुळ आखून घ्या.

आपल्याकडच्या मुरमाच्या मैदानांवर प्लेट खिळ्यांवर बसवतात. खिळ्यांची डोकी वर आलीत का, प्लेट हलते का, हे बुटाच्या टाचेने दाबून पाहा. हलत असेल तर ठोकून घ्या. काही ठिकाणी प्लेटच नसते, फक्कीने आखलेला चौकोन असतो. तो दुसऱ्या डावापर्यंत पुसला जातो, मग पाय प्लेटला लागलेला आहे की नाही हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. अशा वेळी निदान लाकडी पट्टी तरी बसवून मागा. आयोजक कुरकुरतील, त्यांना कुरकुरू द्या.

आणि खड्डा. पिचर पुढे झेप घेताना प्लेटच्या पुढ्यातली माती उकरली जाते. तिसऱ्या-चौथ्या डावापर्यंत तिथे वीतभर खड्डा होतो. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगणारच आहे, पण आत्ताच प्रशिक्षकांना सांगून ठेवा की दर डावानंतर खड्डा भरून, पाणी शिंपडून, धुमसून घ्यायचा.

कोणतं नियमपुस्तक

राष्ट्रीय आणि राज्य पातळीवर आपण वर्ल्ड बेसबॉल सॉफ्टबॉल कॉन्फेडरेशन, म्हणजे डब्ल्यूबीएससीचे नियम पाळतो. पण हल्ली मुलं यूट्यूबवर अमेरिकन कॉलेजचे सामने पाहून टाकायला शिकतात, आणि तिथले नियम वेगळे आहेत. उदाहरणार्थ, अमेरिकन कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये २०२४च्या मोसमापासून चेंडू टाकताना पिचरचे दोन्ही पाय हवेत गेले तरी चालतात. तिथल्या शालेय नियमांतही २०२५च्या मोसमापासून ती मोकळीक आली. प्रशिक्षक मोबाइल पुढे करून "हे बघा सर, इथे चालतं" म्हणतात ते यामुळेच. त्यांना शांतपणे विचारा, आपला सामना कोणत्या पुस्तकावर चाललाय?

सामन्याच्या आदल्या रात्री पिचिंगचं एक प्रकरण वाचायचंच, कितीही वर्षं झाली असली तरी. तीन कलमांवर बोट ठेवून वाचा: सुरुवातीला दोन्ही पाय प्लेटला लागलेले हवेत की दुसरा पाय मागे चालतो, दोन्ही पाय हवेत गेलेले चालतात का, आणि इलिगल पिचला, म्हणजे नियमाबाहेर टाकलेल्या चेंडूला, रनर (बेसवर असलेला खेळाडू) पुढे जातो का. पुस्तकापुस्तकात आणि आवृत्तीआवृत्तीत फरक पडतो तो याच तीन ठिकाणी. सामन्याआधी कर्णधार आणि प्रशिक्षक होम प्लेटपाशी जमतात, तेव्हा ही तीन उत्तरं मोठ्याने सांगून टाका. एक मिनिट जातं, पण नंतरची वीस मिनिटं वाचतात.

पिचर उभी राहते तेव्हा

आता क्रमाने. उजव्या हाताने टाकणाऱ्या पिचरचा उजवा पाय हा पिव्होट पाय, म्हणजे ज्याने ती प्लेटला रेटा देते तो. डावरीचा डावा. जो पाय पुढे टाकायचा तो दुसरा पाय.

पिचर प्लेटवर आली की सगळ्यात आधी पिव्होट पाय बघा. त्याचा काही भाग प्लेटला लागलेला असायलाच हवा, यावर सगळ्या पुस्तकांचं एकमत आहे. बहुतेक मुली बुटाचा चवडा प्लेटच्या पुढच्या कडेवरून खाली उतरवतात आणि टाच प्लेटवर ठेवतात. ते कायदेशीर आहे. नवशिक्या अंपायरला बूट प्लेटच्या पुढे दिसतो आणि तो गडबडतो. बुटाचं टोक विसरा, टाच पाहा. टाचेखाली रबर आहे ना? झालं.

दुसऱ्या पायाबद्दल जुना आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही पाय प्लेटला लागलेले मागत होता. अमेरिकन शालेय नियम दुसरा पाय प्लेटला लागून किंवा प्लेटच्या मागे ठेवू देतो. तुमच्या पुस्तकात जे असेल ते, पण एक गोष्ट दोन्हीकडे पाहायची: पाय प्लेटच्या ६१ सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्यात आहे ना? पिचर प्लेटच्या एका टोकाला सरकते, म्हणजे चेंडू कोपऱ्यातून यावा, आणि सरकता सरकता तिचा अख्खा पाय प्लेटच्या बाहेर मातीवर जातो. हे मागून स्पष्ट दिसतं, बाजूने दिसत नाही.

मग हात. सुरुवातीला हात वेगळे, चेंडू ग्लव्हमध्ये किंवा टाकण्याच्या हातात. या स्थितीत तिने कॅचरकडून, म्हणजे फलंदाजामागे बसलेल्या खेळाडूकडून, इशारा घ्यायचा, निदान घेतल्यासारखं तरी करायचं. चालत येऊन, प्लेटवर पाय टेकवता टेकवता हात जोडून लगेच टाकणारी पिचर फलंदाजाला तयार व्हायला वेळच देत नाही. ते चालवून घेऊ नका. फलंदाज तयार नसताना घाईने टाकलेला चेंडू "नो पिच" असतो, तो मोजायचा नाही.

यानंतर दोन्ही हात शरीरासमोर एकत्र येतात आणि सगळं शरीर थांबतं. डब्ल्यूबीएससीच्या नियमात हा थांबा २ सेकंदांपेक्षा कमी नको आणि ५ पेक्षा जास्त नको. अमेरिकन शालेय नियमात तो १ ते १० सेकंद आहे. मोजायला घड्याळ नको. मनात सावकाश "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणा. "एक हजार एक" म्हणायला साधारण एक सेकंद लागतो. हात एकत्र आल्या क्षणी म्हणायला सुरुवात करा. आपल्या शालेय सामन्यांत सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम हाच, आणि सगळ्यात कमी पकडला जाणाराही हाच. मुली हात जोडतात आणि ते उसळी मारून सुटतात, थांबा असतच नाही.

या वेळात खांदे किंवा कंबर पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या रेषेत असायला हवी. काही पिचर आधीच तिसऱ्या बेसकडे वळून उभ्या राहतात, म्हणजे पुढे फिरायचं काम कमी. ते चालत नाही.

हात एकत्र आल्यावर तिला टाकायचं नसेल, तर तिने प्लेटवरून मागे उतरायचं, आणि हात वेगळे करायच्या आधी. पुढे किंवा बाजूला उतरली तर इलिगल.

पाऊल

आता ती सुटते. पाऊल एकच, पुढे, फलंदाजाच्या दिशेने, आणि त्या ६१ सेंटिमीटरच्या पट्ट्यात. प्लेटच्या दोन्ही टोकांपासून होम प्लेटकडे दोन रेषा आखल्यासारखं डोळ्यांसमोर आणा. सरावात मी खरोखरच फक्कीने त्या आखतो. अर्ध्या तासात नजर बसते, मग पुसून टाकतो.

उजव्या हाताच्या पिचरचा डावा पाय बाहेर कधी पडतो? फलंदाजाच्या आतल्या बाजूला घुसणारा चेंडू टाकायचा असतो तेव्हा, किंवा दमल्यावर. दमलेल्या पिचरचं पाऊल फाकतं. पाऊल रेषेवर पडलं किंवा थोडंसं आत असलं, तर मी सोडून देतो. अमेरिकन शालेय नियमही अंशतः आत असलेला पाय मान्य करतो. अख्खा बूट बाहेर पडला, तर मात्र हात वर जातो.

इथेच एक छोटी गोष्ट. पिव्होट पाय प्लेटवर सरकवला तर चालतो, जोवर तो प्लेटला चिकटून आहे. पण उचलून परत ठेवला, तर चालत नाही. डोलायच्या नादात मुली टाच उचलतात, चवडा टेकलेला असतो. ते उचलणं नव्हे. अख्खा पाय हवेत गेला का, तेवढंच पाहायचं.

ड्रॅग, उडी आणि क्रो हॉप

सगळ्या वादांचं मूळ इथे आहे, म्हणून इथे थांबू.

पिव्होट पायाने प्लेटला रेटा देऊन पिचर पुढे जाते. यापुढे त्या मागच्या पायाचं तीन प्रकारे काहीतरी होतं.

पहिला प्रकार ड्रॅग. बुटाचं टोक जमिनीवर घासत पुढे येतं. मातीत लांब, जराशी वाकलेली रेघ उमटते. हा कुठल्याही पुस्तकात कायदेशीर. पिचरच्या बुटाकडे बघा: उजव्या बुटाच्या अंगठ्यावरचं कापड झिजून भोक पडलेलं असतं, म्हणून काही मुली तिथे चामड्याचा तुकडा शिवून घेतात किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवतात. अशी मुलगी घासणारी असते. बुटावरून निर्णय द्यायचा नसतो, पण डोळा कुठे ठेवायचा ते कळतं.

दुसरा प्रकार उडी, म्हणजे लीप. रेटा प्लेटवरूनच दिला, पण इतका जोरात की दोन्ही पाय क्षणभर हवेत. मग पुढचा पाय टेकतो, हात फिरत असतानाच, आणि चेंडू सुटतो. मागचा पाय नंतर येतो. हे चालतं की नाही ते पुस्तकावर अवलंबून. म्हणून मघाशी त्या कलमावर बोट ठेवायला सांगितलं.

तिसरा प्रकार क्रो हॉप, आणि तो सगळीकडेच बेकायदेशीर. पिचर प्लेटवरून उडते, पिव्होट पाय प्लेटच्या पुढे मातीत पुन्हा रोवते, त्याच्यावर वजन घेते आणि तिथून दुसऱ्यांदा रेटा देते. थोडक्यात, ती प्लेटऐवजी पुढच्या जागेवरून चेंडू टाकते.

याने किती फरक पडतो? ताशी ९० किलोमीटरने येणारा चेंडू सेकंदाला २५ मीटर जातो. पिचर पुढे झेपावूनच तो सोडते, त्यामुळे त्याला साधारण ११ मीटर जायचं असतं. म्हणजे फलंदाजाच्या हातात अर्धा सेकंदही नसतो. प्लेटच्या ६० सेंटिमीटर पुढे पाय रोवला, तर त्यातून आणखी सुमारे ०.०२४ सेकंद कापला जातो. हा आकडा लहान वाटतो, पण खरा फायदा दुसऱ्या रेट्याचा असतो, त्याने वेगच वाढतो.

आता ओळखायचं कसं. मी तीन खुणा पाहतो.

पहिली खूण हाताची. प्लेट सोडताना हात कुठे आहेत? ड्रॅगमध्ये आणि उडीत पिचर प्लेट सोडते तेव्हा हात वेगळे होऊन फिरायला लागलेला असतो. क्रो हॉपमध्ये बऱ्याचदा शरीर पुढे उडतं पण हात अजून खालीच, जवळजवळ जोडलेलेच असतात. पाय दुसऱ्या जागी रोवला की मग पूर्ण चक्कर सुरू होते. डोळ्याच्या कोपऱ्यातून हे दिसतं, आणि पायापेक्षा सोपं दिसतं.

दुसरी खूण मातीची. चेंडू पडल्यानंतर, कॅचर चेंडू परत फेकत असताना, प्लेटच्या पुढे एक नजर टाका. ड्रॅगची रेघ प्लेटपाशी सुरू होऊन सलग जाते. क्रो हॉपची माती वेगळी असते: प्लेटपाशी रेटा दिलेल्या जागी खोक, मग कोरी जागा, मग हातभर पुढे दुसरा खळगा, चवड्याने दाबलेला, मागच्या बाजूला माती उडालेली. दुसरा रेटा दिल्याशिवाय मागे माती उडत नाही. नुसत्या कोऱ्या जागेने काही सिद्ध होत नाही, ती उडीतही दिसते. दुसरा खळगा आणि मागे उडालेली माती, दोन्ही हवेत.

तिसरी खूण वजनाची, आणि ती शिकायला वेळ लागतो. घासणाऱ्या पायाचा गुडघा सैल असतो, पाय मागून ओढल्यासारखा येतो. रोवलेल्या पायाचा गुडघा वाकतो आणि पुन्हा ताठ होतो. तो वाकून ताठ होणारा गुडघा दिसला, की मला दुसरं काही पाहावं लागत नाही.

आता तो खड्डा. काही वर्षांपूर्वी मुलींच्या एका सामन्यात मी एका पिचरला तीन वेळा क्रो हॉपसाठी पकडलं. एका वेळी तिसऱ्या बेसवरची रनर त्यामुळे घरी आली. तिचे प्रशिक्षक एक शब्द बोलले नाहीत. डाव संपल्यावर मी प्लेटपाशी गेलो, तर पुढ्यात असा खड्डा की माझा बूट नाडीपर्यंत आत गेला. मुलीचा पाय प्लेटवरून घसरून खड्ड्यात आपटत होता, गुडघा वाकत होता आणि मला तो दुसरा रेटा वाटत होता. वजन खाली जात होतं, पुढे नव्हे. खड्डा भरला, पुढच्या डावात तिचा पाय तसाच घासत आला, स्वच्छ रेघ. गेलेली धाव परत आणता येत नव्हती. तेव्हापासून खड्ड्यातून टाकणाऱ्या पिचरला पहिल्यांदा पकडण्याआधी मी डेड बॉल असताना, म्हणजे खेळ थांबलेला असताना, एकदा खड्डा पाहून येतो.

कुणी काय पाहायचं

दोन अंपायर असतील तर दोघांनी सगळं पाहायचा प्रयत्न करू नये. सगळं पाहायला गेलं की काहीच दिसत नाही.

प्लेट अंपायरला होम प्लेटमागून पिचर समोर दिसते. त्याने हात पाहायचे: वेगळे होते का, एकत्र आले का, थांबले का, चेंडू सुटताना हात कमरेखाली होता का, मनगट कोपरापेक्षा अंगापासून लांब गेलं का. शिवाय पाऊल पट्ट्याच्या बाहेर पडलं का, हेही त्याला छान दिसतं, कारण तो रेषेच्या समोरच उभा असतो. त्याला दिसत नाही तो मागचा पाय. पुढे आलेली मांडी तो झाकून टाकते. त्यामुळे प्लेट अंपायरने क्रो हॉप शक्यतो स्वतःहून देऊ नये.

मागचा पाय हे बेस अंपायरचं काम. बेसवर कोणी नसताना तो पहिल्या बेसच्या मागे, फाउल लाइनच्या बाहेर पाच-सहा मीटरवर असतो. तिथून पिचर बाजूने दिसते आणि पाय प्लेटवरून उडाला, टेकला, रोवला हे सगळं उघडं पडतं. उजव्या हाताची पिचर तिसऱ्या बेसकडे उघडते, म्हणजे त्याच्याकडे तिची पाठ होते. पण मागचा पाय मागेच राहतो, तो दिसतो. बेसवर रनर आली की बेस अंपायर मैदानाच्या आत सरकतो आणि पिचर त्याला मागून किंवा तिरकी दिसू लागते. इथे सावध राहा. मागून पाहताना ड्रॅग आणि उडी सारखीच दिसतात, कारण हालचाल तुमच्यापासून सरळ लांब जात असते. मागून पट्टा दिसतो, प्लेटवरची टाच दिसते, उंची दिसते. पण जमिनीवरचं अंतर फसवतं. अशा जागेवरून पूर्ण खात्री नसेल तर हात वर करू नका. पहिल्या दोन-तीन डावांत बेस रिकामे असतील, तेव्हाच तिची सवय ओळखून ठेवा.

चेंडू टाकताना डोळ्यांचा क्रम ठरलेला ठेवा. बेस अंपायरसाठी माझा क्रम असा: टाच, थांबा, टाच सुटली, गुडघा, माती. चेंडू बॅटला लागल्याचा आवाज आला की लगेच नजर खेळावर. मातीकडे बघत बसलात, तर पहिल्या बेसचा निर्णय हुकतो आणि तो हुकलेला सगळ्यांना दिसतो.

हात वर आणि पुढे

इलिगल पिच दिसली की डावा हात खांद्याच्या रेषेत बाजूला सरळ, मूठ बंद, आणि फलंदाज व कॅचरला ऐकू जाईल एवढ्या आवाजात "इलिगल पिच". खेळ थांबवायचा नाही. हा डिलेड डेड बॉल आहे, म्हणजे चालू खेळ पुरा झाल्यावर थांबणारा. नवखे अंपायर इथे दोन्ही हात वर करून "टाइम" ओरडतात आणि फलंदाजाचा चांगला फटका वाया घालवतात. चेंडू सुटलाच नाही, पिचर मध्येच थांबली, तरच लगेच डेड बॉल.

खेळ संपू द्या, मग हिशेब. फलंदाज पहिल्या बेसवर सुखरूप पोचली आणि बाकी सगळ्या रनर किमान एक बेस पुढे गेल्या, तर इलिगल पिच झालीच नाही असं समजायचं. तसं नसेल तर फलंदाजी करणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकांना विचारायचं: झालेला खेळ घ्यायचा की दंड? दंड म्हणजे फलंदाजाच्या खात्यात एक बॉल (चुकीचा टाकलेला चेंडू), आणि जुन्या पद्धतीत प्रत्येक रनर एक बेस पुढे. काही अमेरिकन पुस्तकांनी रनरचा भाग काढून टाकलाय. तुमच्या पुस्तकात काय आहे ते तुम्ही सकाळीच सांगितलेलं आहे.

एक उदाहरण घेऊ. एक आउट, दुसऱ्या बेसवर रनर, काउंट, म्हणजे फलंदाजाची मोजणी, दोन बॉल एक स्ट्राइक. इलिगल पिच झाली, फलंदाजाने उंच मारला, सेंटर फील्डरने झेलला, आणि झेल घेतल्यावर रनर तिसऱ्या बेसवर पोचली. खेळ घेतला तर दोन आउट, तिसऱ्यावर रनर. दंड घेतला, आणि तुमच्या पुस्तकात रनर पुढे जात असेल, तर एकच आउट, तिसऱ्यावर रनर, काउंट तीन-एक आणि तीच फलंदाज पुन्हा उभी. कुठलाही प्रशिक्षक दंडच घेईल. तरीही विचारायचं, आणि उत्तर स्पष्ट ऐकून मगच काउंट सांगायचा. स्वतःच ठरवून मोकळे झालात, तर फलंदाजी करणाऱ्या संघाच्या प्रशिक्षकांचं "आम्हाला विचारलंच नाही" हे खरं ठरतं.

तीन बॉलवर इलिगल पिच झाली तर चौथा बॉल होऊन फलंदाज पहिल्या बेसवर जाते. काउंट हाताच्या इंडिकेटरवर तेव्हाच फिरवा, नंतर आठवायला जाऊ नका.

प्रशिक्षक येतात तेव्हा

"सर, पाय कुठं सुटला पोरीचा? सगळ्या अशाच टाकतात."

याचं उत्तर लांब द्यायचं नाही. काय पाहिलं ते एका वाक्यात सांगा: "पिव्होट पाय प्लेटच्या पुढे हातभर रोवला आणि तिथून रेटा दिला." नियमाचा क्रमांक नको, भाषण नको, आणि "मला वाटलं" तर नकोच. तुम्हाला वाटलं असेल, तर हात वर करायलाच नको होता.

पिचरशी थेट बोलायचं टाळा. शालेय सामन्यात चौदा वर्षांची मुलगी प्लेटवर उभी असते, तिला अंपायरने चारचौघांत काही सांगितलं की तिचा हात थरथरायला लागतो. पाय बारीकसा सुटत असेल किंवा थांबा कमी पडत असेल, फायदा काही होत नसेल, तर डावाच्या मध्ये प्रशिक्षकांच्या कानावर घाला: "सर, थांबा कमी पडतोय, बघून घ्या." हे शिकवणं नव्हे, हे सामना नीट चालू ठेवणं. मात्र पहिल्या डावात थांब्याकडे दुर्लक्ष केलं आणि सातव्या डावात, गुणफलक बरोबरीत असताना, तोच थांबा पकडला, असं कधीही करू नका. जो नियम पहिल्या डावात लावायचा नाही, तो शेवटच्या डावातही लावायचा नाही. दोन्ही पिचरना तीच फूटपट्टी. एक शहरातली, चांगल्या बुटांची, आणि दुसरी तालुक्याच्या शाळेतली, कॅनव्हासच्या बुटांची असली, तरी टाच तीच पाहायची.

नजर बसवायचा सराव

जवळच्या मैदानावर सराव चालू असतो तिथे संध्याकाळी जा. प्रशिक्षकांना विचारून पिचरच्या बाजूला, पहिल्या बेसच्या रेषेत उभे राहा. मोबाइल खाली, गुडघ्याच्या उंचीवर, विटेला टेकवून ठेवा आणि स्लो मोशनमध्ये पिव्होट पाय टिपा. वीस चेंडू. प्रत्येक चेंडूनंतर मनातला निर्णय वहीत लिहा: ड्रॅग, उडी की क्रो हॉप. मग चित्रण बघा आणि जुळतं का पाहा. पहिल्या दिवशी निम्मे चुकतात, माझेही चुकले होते. चुकलेले चेंडू पुन्हा बघताना बहुतेक वेळा कळतं की तुम्ही पाय पाहत नव्हता, चेंडू पाहत होता.

दुसऱ्या आठवड्यात तेच डावऱ्या पिचरबरोबर करा. डावरीचा पिव्होट पाय डावा, ती पहिल्या बेसकडे उघडते, म्हणजे तुमच्याकडे तोंड करून. उजव्या हाताची सवय झालेला डोळा इथे गोंधळतो आणि पुढचाच पाय पिव्होट समजतो. आणि पावसानंतरच्या ओल्या मैदानावर एकदा नक्की जा. ओल्या मातीत ड्रॅगची रेघ तुटते, मध्ये मध्ये पाय चिकटतो आणि कोरी जागा राहते. तिथे मातीवर विश्वास ठेवायचा नाही, गुडघाच पाहायचा.